‘कळफलक’ बंद करणारा माणूस

सलिल आगाशे वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा आणि राहायचा कसब्यात. मधे अख्खा नगर रस्ता. त्यामुळे घरी पोचेपर्यंत त्याच्यात फारसं काही शिल्लक राहत नसे. तरी चहा झाला की तो लॅपटॉप उघडून बसे, कारण त्याची दुसरी, बिनपगारी नोकरी तिथून पुढे सुरू व्हायची. तो ‘कळफलक’ नावाची एक वेबसाइट चालवत होता.

ही वेबसाइट त्याने काढली तेव्हा तो नुकता कामाला लागला होता आणि कॉम्प्युटरवर मराठी लिहिणं हे एक दिव्यच होतं. एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोनांची रांग होऊन यायचा. जोडाक्षरं फुटायची, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. सलिलने लोकांना प्रश्न विचारायला एक जागा करून दिली. ज्याला येईल तो उत्तर द्यायचा. साताऱ्याचे एक मास्तर, अकोल्याचा एक वार्ताहर, परदेशी गेलेली कितीतरी माणसं तिथे यायची. एकदा कुणा बाईंनी ‘आज आईला पहिल्यांदा मराठीत ईमेल पाठवली’ एवढंच लिहिलं होतं. सलिलने ते नम्रताला बोलावून दाखवलं. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. तिने वाचलं, छान आहे म्हणाली, आणि आता जेवायला चल असंही म्हणाली.

पुढे मराठी लिहिणं सोपं झालं. फोनमध्ये आपोआप आलं. प्रश्न संपले. माणसं मात्र उरली, आणि त्यांच्याकडे मतं होती.

कंपनीचं विकतचं विंडोज चांगलं की कुणाच्याच मालकीचं नसलेलं, फुकट लिनक्स, हा त्या मतांचा मुख्य विषय. मधूनमधून कुणी मॅकवाला यायचा, दोन्ही बाजूंना गरीब म्हणून जायचा, आणि थोडा वेळ दोन्ही बाजूंची एकी व्हायची. पण खरं भांडण दोघांचं. एकाने नाव घेतलं होतं ‘खिडकीवाला’. हे माधवराव कानिटकर, वीज मंडळातून निवृत्त झालेले, कोथरूडला एकटे राहणारे. दुसऱ्याचं नाव ‘पेंग्विन पुणेकर’, कारण लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. हे यज्ञेश्वर धर्माधिकारी, पिंपरीच्या एका कारखान्यात जन्म घालवलेले इंजिनिअर, मुक्काम सदाशिव पेठ. दोघं कधी भेटले नव्हते. भेटायची गरजही नव्हती. सकाळी उठून एकाने लिहायचं, दुसऱ्याने दुपारपर्यंत उत्तर द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. माधवराव लिहीत, की आपल्याला कॉम्प्युटरवर काम करायचं असतं, कॉम्प्युटरचं काम करायचं नसतं. यज्ञेश्वर लिहीत, की भाड्याच्या घरात राहणाऱ्याने भिंतीचा रंग निवडू नये. मग सलिलने मधे पडायचं, आणि रविवारी तर दिवसभर. वैयक्तिक टीका नको, अशी विनंती त्याने इतक्या वेळा लिहिली होती, की ती त्याने एका बाजूला तयारच करून ठेवली होती. तिथून उचलायची आणि चिकटवायची.

त्याचं स्वतःचं मत काय, असं कुणी विचारलं की तो गप्प बसे. पूर्वी त्याला मत होतं. लिनक्सच्या बाजूने तो कॉलेजात तावातावाने बोललेला होता. पण इतकी वर्षं दोन्हीकडचे मेलेले कॉम्प्युटर जिवंत करता करता ते मत कुठेतरी झिजून गेलं.

विंडोज टेनचा काळ संपला त्या ऑक्टोबरात कॉलेजच्या लॅबमधली निम्म्याहून जास्त यंत्रं अडकली. नवं विंडोज त्यांच्यावर चढत नव्हतं, नवी यंत्रं घ्यायला व्यवस्थापन तयार नव्हतं. मीटिंगा झाल्या. एका प्राध्यापकांनी इंडस्ट्री काय वापरते यावर भाषण केलं. दुसऱ्यांनी त्यावर शंका काढल्या. शेवटी प्राचार्यांनी सलिलला विचारलं, की तुम्हीच काय ते सांगा. सलिल म्हणाला, एका लॅबमध्ये लिनक्स टाकून बघतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने रिकाम्या लॅबमध्ये बसून एकेक यंत्र आतून पुसून कोरं केलं आणि नव्याने उभं केलं.

सुट्टीनंतर मुलं आली. पहिल्या आठवड्यात तक्रारी झाल्या. हे बटण कुठे गेलं, ते इकडे का आलं. मग तक्रारी थांबल्या. सलिलला वाटलं, सवय झाली. एकदा तो मुलांच्या मागून हळूच फेरी मारत गेला, तेव्हा त्याला दिसलं की सवय वगैरे काही नाही. मुलं यंत्र सुरू करत होती, ब्राउझर उघडत होती, आणि थेट निघून जाईपर्यंत त्या ब्राउझरमध्येच राहत होती. अभ्यास तिथे, गाणी तिथे, एआयला विचारायचे प्रश्नही तिथेच. खाली काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एका मुलीला त्याने मुद्दाम विचारलं, की हे कुठलं आहे माहितीये का. तिने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सर, कॉलेजचं आहे ना?”

त्या संध्याकाळी सलिलने ‘कळफलक’वर बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या मनाने काही लिहिलं. लॅबमध्ये काय केलं, काय दिसलं, ते सरळ लिहिलं. शेवटी लिहिलं, की आपण ज्यावरून इतकं भांडलो ते नव्या मुलांच्या लेखी घरातल्या ड्रेनेजसारखं आहे. चालू असलं की कुणी बघत नाही. आपणही आता थोडं हलकं घ्यावं.

कुणी हलकं घेतलं नाही. यज्ञेश्वरांनी लिहिलं, की ज्या माणसाने स्वातंत्र्याला ड्रेनेज म्हटलं त्याच्याकडून यापुढे काही अपेक्षा नाही. माधवरावांनी लिहिलं, की गरीब मुलांवर प्रयोग करून वर त्याची बढाई मारणं शोभत नाही. मॅकवाला मधे नसताना दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होते. मग कुणीतरी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून फेसबुकवर टाकला. तिथल्या माणसांना ना सलिल माहीत होता ना ‘कळफलक’, पण मतं तिथेही होतीच. एकाने कॉलेजचं नाव शोधून काढलं. एकाने पुणेरी माणसाच्या शहाणपणावर लिहिलं. एकाने डोक्यावरचे केस विरळ झालेल्या सलिलचा कॉलेजच्या वेबसाइटवरचा फोटो घेऊन त्याखाली ‘ड्रेनेज खात्याचे प्रमुख’ असं लिहिलं. ते फिरत फिरत लॅबमधल्या मुलांपर्यंत पोचलं. मुलं त्याच्यासमोर हसली नाहीत. तो वळला की हसत होती.

नम्रता शाळेत शिकवायची. तिच्या शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवरही तो फोटो आला. घरी आल्यावर तिने तो दाखवला नाही, पण तिने बघितलाय हे सलिलला कळलं. जेवताना तिने एवढंच विचारलं, “हे तू कुणासाठी चालवतोयस?”

सलिलने आमटी वाढून घेतली. त्याला राग आला नव्हता. राग यायला अंगात जोर लागतो. त्याला नुसतं वाटलं, की पुढच्या रविवारी आपण ते विनंतीचं वाक्य पुन्हा उचलून चिकटवायला बसणार, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही.

त्याने सूचना लावली. महिनाअखेरीला ‘कळफलक’ बंद होईल, ज्यांना आपलं लेखन हवं त्यांनी उतरवून घ्यावं, सर्वांचे आभार. काही जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने एका युगाचा अंत असं लिहिलं आणि त्याच दमात जुना प्रिंटर विकायचा असल्याचंही लिहिलं. बाकी शांतता. तो जुनी पानं चाळत बसला. काही चांगली उत्तरं राखून ठेवावीत असा विचार होता. पण ज्या फॉन्टविषयी ती होती ते फॉन्ट आता कुणी वापरत नव्हतं, दिलेले दुवे मेले होते. ती उत्तरं निरुपयोगी झाली होती, कारण ते प्रश्न सुटलेले होते. ह्याचा आनंद व्हायला हवा हे त्याला कळत होतं. तो त्याला झाला नाही. त्याने सगळं एका डिस्कवर उतरवून घेतलं आणि महिनाअखेरीला साइट बंद केली.

त्यानंतरच्या आठवड्यात माधवरावांचा फोन आला. आवाज अगदी मऊ होता. लिहिण्यातला माणूस आणि हा माणूस एकच, हे पटायला सलिलला वेळ लागला. माधवरावांनी आधी फोटोच्या प्रकाराबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, मग हवापाण्याचं बोलले, मग जरा थांबून म्हणाले, “आगाशे, एक विचारू का? मी आता सकाळी काय करू?”

बघतो, एवढंच सलिल म्हणाला.

दोनच दिवसांनी यज्ञेश्वरांच्या घरून फोन आला, पण तो त्यांच्या पत्नीचा, राधाबाईंचा. त्यांनी ओळख सांगितली आणि फार आढेवेढे घेतले नाहीत. हे दिवसभर माझ्या मागे लागतात, म्हणाल्या, कुकरच्या शिट्ट्यांपासून सगळ्यात चुका काढतात, तुमचं ते जे काही होतं ते परत सुरू करता येईल का. सलिलने नाही सांगितलं. त्याने हे नम्रताला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, दोघांना एकत्र घरी बोलाव. मला झेपणार नाही, सलिल म्हणाला. तुला कुठे बोलायचंय, ती म्हणाली, ते बोलतील.

रविवारी सकाळी दोघं आले. यज्ञेश्वर आधी आले, कारण ते नेहमी वेळेवर येत. किरकोळ बांध्याचे, खांद्याला कापडी पिशवी. माधवराव जिना चढून आले ते दम खातच. एकमेकांकडे बघून दोघांनी नमस्कार केला. नम्रताने पोहे आणले. पोहे संपेपर्यंत गुडघे, रक्तदाब आणि कोथरूडच्या रस्त्यावरचं खोदकाम यावर बोलणं झालं. सलिल कोपऱ्यात बसून ते ऐकत होता आणि आत्ता सुरू होईल, मग सुरू होईल, याची वाट बघत होता.

शेवटी यज्ञेश्वरांनीच विचारलं, की मग चढवलं का तुमचं नवं विंडोज.

माधवरावांनी बशी खाली ठेवली. “खरं सांगू? माझा कॉम्प्युटर गेल्या गणपतीपासून बंदच आहे. बटण दाबलं तरी दिवा लागत नाही. मी सगळं मोबाइलवरून लिहीत होतो.”

सलिलला वाटलं, झालं, आता यज्ञेश्वर सोडत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना इतकी सोपी संधी मिळालेली नव्हती. पण यज्ञेश्वर चष्मा काढून रुमालाने पुसत बसले. मग म्हणाले, की आपलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलाने टॅबलेट आणून दिला, अक्षर मोठं करता येतं म्हणून. तेव्हापासून आपणही त्याच्यावरच. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर राधा आता इस्त्रीचे कपडे ठेवते.

“आणि मला भिंतीचे रंग शिकवत होतात,” माधवराव म्हणाले.

“तुम्ही तरी कुठे खिडकीत होतात?”

दोघंही हसले नाहीत. म्हणजे मोठ्याने नाही. थोड्या वेळाने यज्ञेश्वरांनी दिवा अजिबातच लागत नाही का, पंख्याचा आवाज येतो का, असं विचारायला सुरुवात केली. माधवराव उत्तरं देत गेले. पॉवर सप्लाय गेला असेल, यज्ञेश्वर म्हणाले, मी येऊन बघतो. पण विंडोजच ठेवायचं, माधवराव म्हणाले. ठेवा की, यज्ञेश्वर म्हणाले, मी काय तुमच्या घरात घुसून काढणारे का. दोघं उठले. जाताना त्यांनी नम्रताला पोहे उत्तम झाल्याचं सांगितलं आणि जिन्यावरून एकमेकांना सांभाळा सांभाळा करत उतरले. रिक्षा थांबवताना कुठल्या रस्त्याने जायचं यावरून त्यांचं जुंपलं, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

सलिल खिडकीशी उभा होता. तुम्हीही चला, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्याला जायचंही नव्हतं, पण म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. नम्रता बश्या उचलताना म्हणाली, इतकी वर्षं तू त्यांना भांडू नका सांगत होतास.

“हो ना,” सलिल म्हणाला, आणि दिवाणावर आडवा झाला. त्याला दुपारपर्यंत झोप लागली. अशी झोप त्याला रविवारी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

माधवरावांचा कॉम्प्युटर सुरू झाला. यज्ञेश्वर आता आठवड्यातून एकदा कोथरूडला जातात. तिथे काय बोलतात ते सलिलला माहीत नाही. राधाबाईंचा आभार मानायला एकदा फोन आला होता, तेवढंच. लॅबमधल्या मुलांना त्या फोटोचा विसर पडला, कारण दुसऱ्या कुणाचा फोटो आला. कॉलेजने उन्हाळ्यात उरलेल्या यंत्रांवरही लिनक्स टाकायला सांगितलं आणि सलिलने ते टाकलं.

‘कळफलक’च्या पत्त्याची मुदत संपली तेव्हा ती वाढवण्याची आठवण त्याला ईमेलवर येत राहिली. त्याने वाढवली नाही. पुढे एकदा, काय झालं असेल बघावं म्हणून, त्याने तो पत्ता टाकून बघितला. तो कुणीतरी घेतला होता. पत्ते खेळा आणि जिंका, असं पडद्यावर लुकलुकत होतं, अगदी स्वच्छ मराठीत. रफार बरोबर जागेवर होता, जोडाक्षरं न फुटता आली होती. सलिलने ते एकदा वाचलं आणि लॅपटॉप मिटला. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि नम्रता मटार सोलत होती तिथे बसून त्याने थोड्या शेंगा आपल्यापुढे ओढून घेतल्या.