माझ्या सहीची माघार

वडील गेले तेव्हा मी बारामतीत एका मेडिकल दुकानात काउंटरवर होते. घरी एक एकर ऊस, पत्र्याचं घर. गावच्या विकास सोसायटीचं चेअरमनपद तेवढं वडिलांकडे होतं. खत आधी कुणाला, हे त्या खुर्चीवरून ठरायचं. वडिलांनी स्वतःसाठी एक पोतंही आधी उचललं नाही, म्हणून आम्ही असे.

निवडणूक लागली. वडिलांच्या जागी येईल तोच चेअरमन, हे गावानं ठरवलेलंच होतं. गाव म्हणालं, वारस तूच. आई म्हणाली, "न्हाय. खुर्चीनं तुज्या बापाला काय दिलं? तू नोकरी बघ."

मी घुटमळले. मग आबांकडे गेले. वडिलांचे जिवलग मित्र. लहानपणी जत्रा मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलेली. "भर अर्ज. सूचक मी हाय," ते म्हणाले. माझं नाव सुचवणारे म्हणून त्यांनी सही केली. छाननीत माझा अर्ज उडालाच तर जागा हातची जाऊ नये, म्हणून स्वतःच्या मुलाचा डमी अर्जही भरला. वर दोन कोरे कागद पुढं केले. "अर्जात काय चूक निघाली तर तुला बारामतीवरनं पळाय नगं. सह्या करून ठिव."

घरच्या माणसाला 'कशाला?' विचारायची आमच्यात रीत नाही. केल्या सह्या. वडीलही अशाच करायचे. शहाणपण आमच्या घराण्यात बेताचंच.

अर्ज भरला तरी आईच्या बोलण्यानं मन डळमळत होतं. माघारीच्या शेवटच्या दिवशी माझं ठरलं. लढायचं. पहिला फोन आबांना केला. "झकास!" म्हणाले.

दुपारी इंदापूरला निवडणूक कार्यालयात यादी लागली. माझं नाव नव्हतं. साहेबांनी कागद दाखवला: 'स्वखुशीने माघार घेत आहे.' खाली माझी सही. आणून देणारा, सूचक. आबांचा मुलगा बिनविरोध.

विरोधकानं केलं असतं तर दोन शिव्या हासडून जेवले असते. इथं घरच्या माणसानंच केलं होतं. तो राग आजही उतरलेला नाही.

संध्याकाळी आबा पेढे घेऊन आमच्याकडं आले. "रागावू नगं, पोरी. गरिबाच्या लेकराला खुर्ची पेलत न्हाय. तुज्या आईचंबी हेच म्हननं हुतं."

मी आईकडं पाहिलं. तिच्या मनासारखंच झालं होतं.

तिनं पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत ठेवला.

"व्हय, मी नगंच म्हनत हुते," ती म्हणाली. "पर माज्या लेकीला न्हाय म्हनायचा हक माजा हुता, आबा. तुमाला कुनी दिला?"