कदमांनी मेंढी भादरली

आमच्या शांती नगरच्या सोसायटीत किस्से जमवावे लागत नाहीत, जिन्यातल्या चपलांसारखे आपोआप साठतात. पण तळमजल्यावरच्या कदमांकडे मेंढी आली आणि बाकीचे किस्से फिके पडले.

मेंढी त्यांच्या रायगडच्या गावाहून आलेली. कळपातून मागे राहिलेलं लंगडं कोकरू धनगराने काकूंच्या हवाली केलं. काकूंनी बाटलीने दूध पाजून ते वाढवलं. लोकर वाढली, तसा वासही वाढला. जिन्यात पान थुंकणाऱ्याला कधी नोटीस न पाठवणाऱ्या आमच्या सेक्रेटरी राणेंना हा वास मात्र बरोबर आला.

"रविवारी कमिटी पाहणी करणार. वास आला तर मेंढी गावाला," त्यांनी सांगून टाकलं. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत.

*

आधी आंघोळ घालायची ठरली. काकूंनी स्वेटर धुवायचं लिक्विड काढलं. मी म्हटलं, "काकू, हे स्वेटरचं आहे."

"मग ही काय सुती आहे?"

बाटलीवरच्या सूचना तंतोतंत पाळल्या. थंड पाणी, ब्रश नाही, वाळवायचं सावलीत. मेंढी बाथरूममधून बाहेर आली, तिने अंग झाडलं आणि सोफा, टीव्ही, भिंती सगळं धुऊन निघालं. काका टॉवेल घेऊन तिच्यामागे धावले.

काकू आतून ओरडल्या, "अहो, पिळू नका, लिहिलंय त्यावर!"

*

शनिवारी मेंढी वाळली, पण वास जाईना. आता भादरणं आलं. काकांचा दाढीचा ट्रिमर मानेजवळच बंद पडला. शेवटी नाक्यावरच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं.

त्याने मेंढीच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फिरून सगळीकडून पाहिलं, मानेवर बोट ठेवलं आणि सलूनवाल्यांच्या ठरलेल्या तुच्छतेने विचारलं, "अंकल, पिछली बार किससे कटवाया था?"

काकांनी ट्रिमर पाठीमागे लपवला.

*

उजवी बाजू साफ झाली आणि मशीन तापलं. "बाकी कल सुबह," म्हणून तो गेला. रविवारी सकाळी त्याच्या दुकानात ही गर्दी, तो कसला येतोय!

कमिटी मात्र वेळेवर आली. हॉलच्या मधोमध मेंढी बांधलेली. वास येईल म्हणून आत कोणी पाऊल टाकलं नाही. राणे गॅलरीच्या जाळीतून डोकावले, त्यांना दिसली गुबगुबीत मेंढी. खजिनदार पाटलांनी पलीकडच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, त्यांना दिसली हाडकुळी. दोघं गेटपाशी भेटले आणि बराच वेळ कुजबुजले.

मग राणे दाराबाहेरूनच म्हणाले, "कदम काकू, सोसायटीला फसवू नका. एक सांगून दोन जनावरं ठेवलीत. एक राहू दे, पण दुसरं आजच्या आज गेलं पाहिजे. कमिटीचा निर्णय फायनल आहे."

मी तोंड उघडणार, तोच काकूंनी माझा पाय दाबला. पदर डोळ्यांना लावला.

"जाडीला पाठवते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळनंतर दिसणार नाही तुम्हाला."