भरिताच्या वांग्याचे बी आणि एक कागद

समूहातील सर्व बंधुभगिनींस नमस्कार.

धरणगावजवळच्या आमच्या गावात एक संस्था जमिनीचा कस राखणे व गावचे अन्न गावातच पिकवणे, असे काम करते. काम चांगले दिसते. म्हणूनच मला संशय येतो.

दहा दिवसांपूर्वी संस्थेच्या ताईंनी, पेरणीला परत देऊ असे सांगून, बियाणे बँकेसाठी माझ्याकडे भरिताच्या वांग्याचे बी मागितले. हे बी आमच्या घरी आईच्या वेळेपासून राखेत जपलेले आहे. सोबतच्या कागदावर ‘वापराचा हक्क संस्थेस राहील’ असे लिहिले होते. मी चौथी शिकलेला असलो तरी वाचल्याशिवाय सही करत नाही. लबाडी असल्यास हाती काही लागू नये, म्हणून मी सही न करता मुद्दाम जुने, निकामी बी दिले.

आज सकाळी पारावर ताईंनी उगवण पाहण्यासाठी सर्वांचे बी गुंडाळून ठेवलेले ओले गोणपाट उघडले. बाकी सर्वांच्या बियांना मोड आले होते. माझे एकही उगवले नव्हते.

शेजारचा सुकलाल ओरडला, “आबा, तुमनं बियाणं तुमना मायक म्हातारं व्हई गयं!” बी माझ्यासारखेच म्हातारे झाले, म्हणून सगळे हसले.

ताई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “आबा, चुकून जुनी पुडी आली असेल. उद्या दुसरी न्यायला येऊ का?”

त्यांनी मला ओळखले की काय, हा आता नवा संशय.

आमचे बी खराब नाही, हे येथे स्पष्ट करतो. मुले सुरतेस असतात. माझ्यामागे ते कोण पेरील, हे मला ठाऊक नाही.

आपणांपैकी कोणी अशा कागदावर सही केली आहे काय? पेरणीला बी परत मिळाले काय? खरे तेवढेच लिहावे. चांगली पुडी मी काढून ठेवली आहे. सही केलेली नाही.