भिंतीवरचं लायसन

परभणीच्या ज्या खासगी दवाखान्यात मी नोकरीला लागले, तिथं माझ्या आधी हे काम कुणी केलेलंच नव्हतं. गृहविज्ञानाची पदवी आणि त्यावर आहारशास्त्राचं एक वर्ष, एवढं शिकून मी आले होते. डॉक्टरसाहेबांनी मला रक्त तपासायच्या खोलीशेजारी एक टेबल दिलं आणि म्हणाले, "साखरेच्या पेशंटांना काय खायचं, कधी खायचं ते तुम्ही समजवा. कागदावर लिहून द्या. खाली सही मात्र मी करीन."

"लिहिणार मी, तर सही माझी का नको?" मी विचारलं.

"काही कमीजास्त झालं तर जाब मला विचारता येतो. माझी नोंदणी आहे. तुमची कुठं आहे?"

कुठंच नव्हती. डॉक्टरांची नोंदणी व्हायची, नर्सची व्हायची, औषधाच्या दुकानात बसणाऱ्याचीही व्हायची. पथ्य सांगणाऱ्याची नोंदणी करणारं दफ्तरच नव्हतं. मोठ्या शहरात कुठल्याशा संघटनेची परीक्षा असते असं कॉलेजातल्या बाई सांगायच्या, पण ती दिली काय आणि न दिली काय, आमच्याकडं त्याला कुणी विचारत नव्हतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. साहेबांचं बोलणं मला लागलं, पण त्यात खोट काढता आली नाही.

त्या वर्षी आमच्याकडं मानवतजवळच्या एका खेड्यातली मुलगी यायची. तेराएक वर्षांची, काटकुळी, बोलायला चुणचुणीत. तिला लहान वयातला मधुमेह होता. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घेतल्याशिवाय ती जगू शकत नव्हती. सुई द्यायला तिची आई शिकली होती. काचेची सिरिंज उकळायची, बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. मी मुलीला भाकरीचं माप शिकवलं. सुई घेतल्यावर उपाशी राहायचं नाही, हातपाय कापायला लागले तर गुळाचा खडा तोंडात टाकायचा, हेही घोकून घेतलं. घरी निळ्या औषधात लघवी तापवून ती रंग बघायची आणि दर गुरुवारी आली की वहीत लिहिलेले रंग मला वाचून दाखवायची. निळा म्हणजे ठीक, विटकरी म्हणजे साखर फार.

दसरा झाल्यावरच्या एका गुरुवारी ती आली नाही. तिचा मामा परभणीत धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाई, माझ्या दाजीनं पोरीची सुई बंद केलीय. तीन दिस झाले."

"का?"

"ऊसतोडीला जायचंय. तिथं पालात बाटली कुठं ठिवावी, तिची माय पहाटंच फडात गेल्यावर सुई कोन द्यावी? मानवतला एक आहारवाला हाय. तो म्हनला, सुईची सवय लागलीय, मी पथ्यानं सोडवतो. एक पूड दिलीय अन् निस्त्या भगरीच्या पेजेवर ठिवलंय. मी लय सांगितलं, माझं ऐकंना गेलाय."

मी साहेबांकडं गेले. त्यांच्यासमोर पेशंटांची रांग होती. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता इकडं आणायला सांगा. मामाला पाठवा." मामाचं ऐकत नाहीत, मी म्हटलं. "आपण पेशंटच्या घरी जात नसतो," साहेब म्हणाले आणि पुढच्या माणसाच्या छातीला नळी लावली.

मी पर्स उचलली आणि स्टँडवर गेले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी बंद होणार अशी कुजबुज होती आणि संध्याकाळच्या गाड्या सुटतील की नाही ते कंट्रोलरलाही सांगता येत नव्हतं. मानवतची गाडी मिळाली. सगळ्या वाटेत मी एकच हिशेब करत होते, तीन दिवस म्हणजे सहा सुया.

मानवतला उतरल्यावर पुढच्या गाडीला अर्धा तास होता. त्या माणसाचं दुकान स्टँडसमोरच होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'आहारतज्ज्ञ' लिहिलेलं. आत चूर्णाच्या बरण्या, एक तराजू, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत गोल शिक्क्याचा एक कागद. माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचे कपडे, बोलायला अदबीचा. मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, त्या मुलीला सुई लागतेच, ती बंद केली तर ती मरेल.

"तुमच्या साहेबांचा धंदा सुईवर चालतो, बाई," तो शांतपणे म्हणाला. "आमी निसर्गावर चालवतो. जबरदस्ती कुनावर न्हाई."

"तुम्हाला हे सांगायचा अधिकार कुणी दिला?"

त्यानं भिंतीकडं बोट केलं. "आमचं लायसन सगळ्यांना दिसंल असं टांगलंय. तुमचं दाखवा."

मी पुढं होऊन वाचलं. तो नगरपालिकेचा दुकानाचा परवाना होता. दुकान उघडायला लागतो तो, किराणावाल्याकडं आणि न्हाव्याकडंही असतो तसला. मी तसं म्हटलं. तो हसला नाही की चिडला नाही. "हाय ना पन कागद," एवढंच म्हणाला.

खेड्यात पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. घरासमोर कोयते, पातेली, चटया अशी ऊसतोडीला न्यायची बांधाबांध चाललेली. मुलगी आत गोधडीवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, श्वास खोल आणि मोठा, धावून आल्यासारखा. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. हा वास मी पुस्तकात वाचला होता. मी हाक मारली तर तिनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

आई म्हणाली, "सकाळधरनं उलट्या करायलीय. बाई, बाटली मडक्यात हायच की. तुमीच द्या सुई."

मी कधी कुणाला सुई टोचलेली नव्हती. किती द्यायची तेही या अवस्थेत मला कळत नव्हतं. "इथं नाही भागणार," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे, सलाईन लावावं लागेल."

बाप दारात उभा होता. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला, कमी बोलणारा माणूस. "त्यो म्हनला व्हता, पयले उलट्या व्हतील म्हून. आतली घान निघायलीय."

"भाऊ, ती घाण नाही. मुलगी हातची जाईल."

"तुमी कोन सांगनार?" तो आवाज न चढवता म्हणाला. "तुमी डाक्टर न्हाई. कागदावर सही बी तुमची नसती, मी बगितलंय. त्याच्यापाशी लायसन हाय, म्या माझ्या डोळ्यानं बगितलंय. तुमच्यापाशी हाय का?"

शेजारपाजारची माणसं गोळा झाली होती. आत मुलीचा श्वास ऐकू येत होता. दुकानातल्या त्या कागदाची गोष्ट सांगत बसले तर अर्धा तास गेला असता, आणि तरीही त्यानं मानली असती की नाही कुणास ठाऊक. मी पर्स उघडली. हाताला विद्यापीठाचं जुनं ओळखपत्र लागलं. माझा फोटो, त्यावर गोल शिक्का, आणि सगळा मजकूर इंग्रजीत.

"हे बघा माझं लायसन," मी म्हटलं. "सरकारी आहे."

त्यानं ते हातात घेतलं. फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मागून कुणी शिकलेला पुढं आला असता आणि त्यानं वाचलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. कुणी आलं नाही. त्यानं कार्ड परत दिलं आणि आत जाऊन मुलीला उचललं.

मानवतच्या जिनिंगला कापूस नेणारा एक टेम्पो गावातून निघायच्या बेतात होता. मुलीला कापसाच्या गाठोड्यांवर निजवलं. मी आणि तिची आई दोन्ही बाजूंना बसलो, बाप पुढं ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर एका शब्दानं काही न विचारता मानवतवरून थेट परभणीला आला. वाटेत आई सारखी विचारत होती, "वास कमी झाला का हो?" मी दर वेळी हो म्हणत होते. तो कमी होत नव्हता.

साहेब दवाखान्यातच होते. मला काही न बोलता त्यांनी मुलीला आत घेतलं. सलाईन, सुई, दर तासाला लघवीची तपासणी. दोन दिवस ती शुद्धीत नव्हती. त्या दोन दिवसांत शहर बंद होतं. नर्सचे आणि आमचे डबे आले नाहीत, चहावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागितलं.

साहेबांनी मला बोलावलं. "मुलगी वाटेत गेली असती तर तिचा बाप कुणाच्या नावानं बोंबलला असता?" त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, "आणली ते बरं केलंत." कार्डाचं मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

बापाला मात्र सांगावं लागलं. तो वॉर्डाच्या व्हरांड्यात पायऱ्यांवर बसला होता. "भाऊ, त्या दिवशी दाखवलं ते लायसन नव्हतं. माझ्या कॉलेजचं कार्ड होतं. आमच्या कामाला लायसन नसतंच. आणि त्या माणसाच्या भिंतीवरचं आहे ते दुकानाचं आहे, पथ्य सांगायचं नाही."

त्यानं मान वर केली.

"म्हंजी त्यानं बी कागद दावून फशिवलं, अन् तुमी बी."

"हो."

"मंग आमी वळखावं कसं?"

मी शिकले आहे, असं म्हणायला तोंड उघडलं. पण तो मी शिकले की नाही असं विचारतच नव्हता. "ते मलाही सांगता येत नाही," मी म्हटलं. तो उठून आत मुलीपाशी जाऊन बसला.

पुढं मी मानवतच्या नगरपालिकेत अर्ज घेऊन गेले. कारकुनानं परवाना तपासला आणि म्हणाला, परवाना चोख आहे, पाटीवर काय लिहावं याचा नियम नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, मुलीच्या बापानं तक्रार द्यावी. बापानं दिली नाही. "मी माझ्या पायानं गेलतो त्याच्याकडं," तो म्हणाला. ते दुकान मी ती नोकरी सोडेपर्यंत चालूच होतं.

त्या हंगामात बाप एकटाच ऊसतोडीला गेला. बायको नसली की मुकादम अर्धा कोयता धरतो, उचलही निम्मीच देतो, ते त्यानं पत्करलं. आई मुलीला घेऊन परभणीत मामाकडं राहिली. मी मुलीला स्वतःची सुई स्वतः घ्यायला नर्सकडून शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं सिरिंज हातात धरून इतका वेळ लावला की तिची आई बाहेर निघून गेली. मग तिनं मांडीत टोचून घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "दुखत न्हाई तेवढं."

हंगाम संपवून आल्यावर बाप तिला न्यायला आला. मी नवा आहाराचा कागद लिहिला. त्यानं तो घेतला, साहेबांच्या खोलीपुढच्या रांगेत अर्धा तास उभा राहून त्यावर त्यांची सही घेतली, आणि मगच घडी घालून खिशात ठेवला. मला वाईट वाटलं, पण त्याचा राग आला नाही.