बाल्कनी बंद आहे

त्या थिएटरात पहिल्या दिवशी मला दोन गोष्टी शिकवल्या. पॉपकॉर्नचं यंत्र कसं चालवायचं, आणि बाल्कनीत कुणालाही का जाऊ द्यायचं नाही. पॉपकॉर्न मला शेवटपर्यंत जमलं नाही, करपायचंच. बाल्कनी मात्र डोक्यात जी बसली ती बसली.

शिकवणारी मॅनेजरबाई सत्तरीची, उंच आणि काटक. तिने मला मागच्या रांगांपाशी उभं केलं आणि टॉर्चचा झोत वर टाकला. बाल्कनीच्या खालच्या बाजूला सोनेरी वेलबुट्टीचं प्लास्टर होतं आणि त्यातून एक आडवा तडा गेला होता, माझं बोट आत जाईल एवढा. आतलं लोखंड गंजलंय, ती म्हणाली. रिकामी बाल्कनी उभी राहील, पण माणसं बसवणार असाल तर मी जबाबदारी घेत नाही, असं इंजिनिअर सांगून गेला होता. दुरुस्तीची ऐपत नव्हती. म्हणून दोन्ही जिन्यांना साखळी आणि साखळीला पाटी, ‘बाल्कनी क्लोज्ड’. बाल्कनीखालच्या रांगांनाही दोरी बांधलेली.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला राहत होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मी त्याच्या व्हिसावर आलेली. पगार घेऊन काम करायला मला बंदी होती, फुकट राबायला कुणाची ना नव्हती. थिएटर होतं शेजारच्या जुन्या गावात. गावकऱ्यांनी ट्रस्ट काढून ते कसंबसं जगवलं होतं आणि तिथं काम करणारे आम्ही सगळे बिनपगारी. काय थाट होता एकेकाळी! छतावर निळं आकाश रंगवलेलं, भिंतींतून डोकावणारे संगमरवरी चेहरे, लॉबीत आरसेच आरसे. आता त्या आरशांत मी, माझा झाडू आणि फाटका लाल गालिचा एवढंच दिसायचं. हिवाळ्यात प्रेक्षक कोट घालूनच सिनेमा बघायचे. आठवड्याच्या मधल्या वारी तर सिनेमा कुणासाठी लावलाय असा प्रश्न पडावा.

मला ते थिएटर फार आवडायचं आणि त्याची फार भीती वाटायची. सकाळी एकटीने दार उघडलं की वरून कट् असा आवाज यायचा. दोरी बांधलेल्या खुर्च्यांवर पांढरी भुकटी पडलेली असायची. ती मी पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच. मुळात मी भित्रीच. लहानपणी आकाशपाळण्यात बसायचं टाळायला पोट दुखतंय म्हणायची. पण ही भीती उगाचची नव्हती, हे मला त्या भुकटीवरून कळत होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाला एक मराठी सिनेमा दाखवायचा होता आणि हॉल मिळत नव्हता. मीच सुचवलं, आमच्या थिएटरात करा. मॅनेजरबाई खूश झाली. मंडळाचे अध्यक्ष काका तर माझ्यापेक्षा जास्त खूश. फार वर्षांपूर्वी आलेले डॉक्टर, आता निवृत्त, सगळ्यांच्या लग्नाबारशात पुढे. जुलैतला रविवार ठरला, दुपारचा. जुलै म्हणजे आईवडिलांचा हंगाम. प्रत्येकाच्या घरी भारतातून कुणीतरी आलेलं. माझे बाबाही आले होते. आई गुडघ्यांमुळे आली नव्हती. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, दिवसभर आजोबांना चिकटलेली.

त्या दिवशी मी लॉबीमागच्या खोलीत एका काकूंबरोबर बटाटेवड्यांचे ट्रे लावत होते. मध्यंतरात वडे आणि चहा, हे सिनेमाच्याही आधी ठरलेलं. बाबा आणि मुलगी आधीच आत गेले होते. आतून सिनेमा सुरू झाल्याचा आवाज आला, लोक हसले, आणि ते हसू मला वरून आल्यासारखं वाटलं. आधी मी मनाची समजूत घातली की छत उंच आहे, आवाज घुमत असेल. मग हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आले. जिन्याची साखळी खाली पडलेली होती आणि पाटी कुणीतरी व्यवस्थित भिंतीला टेकवून ठेवली होती.

धावत हॉलमध्ये गेले आणि मान वर केली. पडद्याच्या उजेडात बाल्कनीभर पांढरी डोकी. सगळे आजी-आजोबा वर! आणि अगदी पुढच्या रांगेत, कठड्याला हात टेकून, माझे बाबा. मांडीवर माझी मुलगी.

अध्यक्ष काका दाराशीच उभे होते.

“काका, वर कुणी पाठवलं यांना?”

“अगं, मीच. खाली जागा कमी पडत होत्या, मागे दोऱ्या लावून ठेवल्यात ना तुम्ही. म्हटलं, सीनियर लोकांना मान देऊ या. आपल्याकडे बाल्कनीचं तिकीट मिळालं की काय वाटायचं, आठवतंय ना?”

“काका, बोर्ड होता.”

“ते लायबिलिटीसाठी लावतात गं. या लोकांना भिंतीला टेकलं तरी बोर्ड लागतो. रिलॅक्स.”

एवढा शिकलेला माणूस, आणि साखळी काढताना त्याच्या मनात फक्त आपल्या गावच्या टॉकीजमधली बाल्कनी होती. मी त्यांना ओढत दोरीपाशी नेलं आणि बोट वर करून तडा दाखवला. त्याच्यातून भुकटी पडत होती. सारखी, पीठ चाळल्यासारखी. काकांचा चेहरा उतरला.

मॅनेजरबाई आली, तिने वर बघितलं आणि माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे कितीतरी दिवस तो दुखत होता. “हळूहळू खाली आणा,” ती म्हणाली. “कुणी धावता कामा नये. सगळे एकदम उठले तरी संपलं. मी फायर डिपार्टमेंटला फोन करते. बोलायचं तुलाच, तुझीच माणसं आहेत.” आणि ती गेली.

मंडळाने प्रोजेक्टर खाली वाटेतल्या टेबलावर लावला होता. मी डीव्हीडी थांबवली आणि दिवे लावले. तिथे मी एक गोष्ट विसरले होते. सिनेमा मध्येच बंद पडला की आपल्या थिएटरांत काय होतं? वरून एक शिट्टी आली. मग दुसरी. आणि मग ते सगळे सत्तरीचे काका शाळकरी पोरांसारखे खुशीत येऊन पाय आपटायला लागले. एका लयीत. धाड, धाड, धाड. खालचे हसायला लागले, कुणी टाळ्यांचा ठेका धरला. कठड्याखालून प्लास्टरचा एक तुकडा सुटला आणि रिकाम्या खुर्चीवर पडून फुटला. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. किंचाळावंसं वाटत होतं, पण मी किंचाळले असते तर सगळे एकदम उठले असते.

मी माइक घेतला. पुढे जे बोलले ते कुठून सुचलं, देव जाणे. पण मंडळाच्या कार्यक्रमात मध्येच, न विचारता, कितीही वेळ चालू शकते अशी एकच गोष्ट आहे.

“सिनेमा थोडा थांबवतोय,” मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले. “भारतातून आलेल्या आपल्या आईबाबांचा मंडळाला सत्कार करायचा आहे.”

पाय थांबले. खाली तरुण मंडळी कुरकुरली, “अरे यार, आता पण?” कुरकुरा बाबांनो, खुशाल कुरकुरा.

“एकेक रांग स्टेजवर येईल. पहिली रांग आधी. बाकीच्यांनी कृपया बसून राहायचं. टाळ्या सगळे आल्यावर.”

आणि ती माणसं ऐकत होती! सत्काराची शिस्त आमच्या रक्तात आहे. पहिली रांग उठली, पदर सावरले, शर्टाची बटणं लावली. खाली देण्यासारखं आमच्याकडे काहीही नव्हतं, ना शाल, ना नारळ. त्या वड्यांवाल्या काकूंनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही, स्वतःचा गजरा सोडला आणि एकेक फूल हातात द्यायला लागल्या. अध्यक्ष काका प्रत्येकाचं नाव विचारून माइकवर सांगत होते. त्यांचा आवाज कापत होता. लोकांना वाटलं, गहिवरलेत.

पहिली रांग उतरली, पण बाबा उठलेच नाहीत. मी नजरेनं खुणावलं तर त्यांनी हात हलवला आणि हसून वरूनच म्हणाले, “घरच्यांचा कसला सत्कार? बाकीच्यांना येऊ दे आधी.” लोकांना ते फार आवडलं. मी मात्र तेव्हाच बघितलं, त्यांच्या मांडीवर मुलगी नव्हती. त्यांच्या शेजारी नव्हती. खाली कुठे दिसत नव्हती. मी दुसऱ्या रांगेला बोलावलं, तिसऱ्या रांगेला बोलावलं, तोंडाने गोड बोलत होते आणि डोळे कठड्यावरून, खुर्च्यांमधून तिला शोधत होते. गुडघे दुखणाऱ्या आज्या एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत जिना उतरत होत्या. त्यांना घाई करा म्हणता येत नव्हतं.

बाल्कनी त्या दिवशी पडली नाही, हे आत्ताच सांगते. फायर डिपार्टमेंटची माणसं आली, आणि नंतर गावच्या तपासनिसांनी थिएटरला कुलूप लावलं आणि ते पुन्हा उघडल्याचं मी ऐकलं नाही. अध्यक्ष काकांची भीती वर्षभरात ओसरली. मग ते हसत सांगायला लागले की हिने सगळ्यांना उगाच घाबरवलं. म्हणू देत. पडणार नाही हे त्या दुपारी मला कुणी सांगितलं होतं?

शेवटची रांग उतरली आणि वर एकटे बाबा उरले. मी माइक ठेवला आणि जिन्याने वर गेले. बाल्कनीत माझं ते पहिलंच पाऊल. जमीन पायाखाली किंचित दबली, की मला तसं वाटलं, कोण जाणे. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत पुढच्या रांगेपर्यंत उतरले.

“बाबा, ती कुठाय?”

“खाली. तू बोलायच्या आधीच शेजारच्या बाईंबरोबर पाठवली, शू लागली म्हणून. हाताखाली कठड्याचं प्लास्टर सुटायला लागलं होतं.”

“मग तुम्ही का नाही उतरलात?”

“तुझा आवाज ऐकला ना. निकालाच्या दिवशी घाबरलीस की अशीच गोड बोलायचीस.” ते खालच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. “सगळ्यात आधी हिचाच बाप उतरला, असं कुणी म्हणायला नको.”

मला इतका राग आला की त्या रागात भीती क्षणभर विसरले. “चला, उठा आता,” मी ओरडलेच.

“उठलो असतो गं,” ते म्हणाले. “पायच हलत नाहीत.”

दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले आणि त्यांना उभं केलं. लहानपणापासून जे खांदे मी बघत आले ते इतके हलके असतील असं कधी वाटलं नव्हतं. एकेक पायरी आम्ही वर चढलो, मग एकेक पायरी जिना उतरलो. खाली लॉबीत लोक वडे खात होते. मी बाबांना खुर्चीत बसवलं. कुणीतरी मला विचारलं, पिक्चर पुन्हा कधी चालू होणार. मुलगी धावत आली आणि आजोबांचा हात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

“आजोबा, व्हाय आर यू शेकिंग?”

“थंडी वाजतेय गं,” बाबा म्हणाले. लॉबीत सगळे घामाने निथळत होते. मुलीने तिचं फ्रॉकवरचं पातळ जॅकेट काढलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर पांघरलं.