गजभिये काका आणि ताबेर्नासची माती

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पेनच्या ट्रिपचे सहाशे बारा फोटो आहेत. मी ते सगळे पाहिले, एकेक, झूम करकरून. त्यात स्वानंद कुलकर्णीची काउबॉय टोपी आहे, मंडळाचा बॅनर आहे, पुरीचा फुगलेला क्लोजअप आहे. माती एकाही फोटोत धड नाही. जिथे चुकून पायाशी थोडी दिसते तिथे कुणीतरी फिल्टर मारून सगळं नारिंगी करून ठेवलंय. शी! एवढं वाळवंट तुडवून आलो आणि पाहिली काय, तर एकमेकांची थोबाडं.

यात मीही आलो. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

गजभिये काका, म्हणजे कमलाकर गजभिये, मूळचे अमरावतीचे. काकू गेल्यावर सहा वर्षांपूर्वी मुलाकडे, प्रणयकडे, नॉटिंगहॅमला आले. प्रणय इथल्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे आणि माझ्यापासून चार घरं सोडून राहतो. काकांना नुसतं बसणं जमत नाही. आल्या आल्या त्यांनी आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या कचऱ्याच्या बिन्सवर घरांचे नंबर रंगवून दिले. असे देखणे आकडे, की समोरची गोरी म्हातारी बिन घासूनपुसून ठेवते. चौदा एप्रिलचा बॅनर त्यांचा, आमच्या मंडळाच्या गणपतीमागचा पडदाही त्यांचाच. पडद्याचं काम असलं की मंडळाला काका आठवतात. एरवी सगळे 'हो हो काका' म्हणतात आणि फोनमध्ये बघतात.

त्यांची एक गोष्ट होती. मी ती दहा वेळा ऐकली, म्हणजे ऐकल्यासारखं केलं. एकोणिसाव्या वर्षी काका अमरावतीच्या एका टॉकीजसाठी सिनेमाचे बॅनर रंगवायचे. एकदा काउबॉयचा सिनेमा लागणार होता. नमुना म्हणून काळापांढरा फोटो आला: एक पांढरी भिंत, तिला कमान, पुढे मोकळी जमीन आणि घोड्यावरचा माणूस. घोडा काळा, भिंत पांढरी, इथवर ठीक. जमिनीचा रंग कोणता? टॉकीजचे शेटजी आणि काका, एकाचं म्हणणं लाल, एकाचं पिवळी. यावरून जुंपली. शेटजी सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "तुमच्या वस्तीबाहेरचं जग पाहिलंय का कधी? मला शिकवतोय!" काकांनी ब्रश तिथेच ठेवला आणि निघाले. पुन्हा सिनेमाचा बॅनर म्हणून हातात घेतला नाही. पुढची पस्तीस वर्षं ट्रकच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती रंगवल्या.

मला वाटायचं, काय हे! मातीच्या रंगावरून कुणी धंदा सोडतं का?

मागच्या वर्षी काकांच्या डोळ्यांचं निघालं. नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. डॉक्टरने सांगितलं, कडेकडेचं दिसत राहील, पण रंग ओळखू येणं वर्षभरात जाईल. तेव्हापासून काका वस्तू डोळ्याजवळ नेऊन, मान तिरकी करून पाहायचे. आणि त्याच दिवसांत मंडळाची मे महिन्याची ट्रिप ठरली, स्पेनला, अल्मेरियाला. तिथे ताबेर्नास नावाचं वाळवंट आहे. त्यातून एक सुंदर हायवे जातो आणि त्याच्या आजूबाजूला जुने काउबॉय सिनेमे चिक्कार शूट झालेत. प्रणयने इंटरनेटवर खोदून काकांच्या फोटोतली ती पांढरी भिंतसुद्धा शोधून काढली. हायवेवरून एक कच्चा रस्ता आत जातो, पंधरा मिनिटं चालत.

इंटरनेटवर फोटो होतेच. एकात माती विटकरी, दुसऱ्यात करडी, तिसऱ्यात भलतीच. काका म्हणाले, "फोटोचं मले सांगूच नका. फोटोनंच तर घोळ केला. माती हातात घेऊन डोळ्यापाशी नेतो, मंग सांगतो."

प्रणयला रजा मिळाली नाही. एअरपोर्टवर सोडताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "उदयदादा, बाबांना बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल. तेवढी भिंत दाखव. पुन्हा कधी जाईपर्यंत त्यांना रंग दिसणार नाहीत रे." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अरे, काळजी सोड."

छातीवर हात! आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

पहिला थांबा होता सिनेमाचं जुनं गाव. लाकडी बँक, लाकडी तुरुंग, तिकीट काढून आत जायचं. आत खोटे काउबॉय खोट्या गोळ्या झाडत होते आणि आमची मंडळी त्यांच्यापुढे मरून पडायचे व्हिडिओ काढत होती. स्वानंद, वय वर्षं पन्नास, बँकेत डायरेक्टर, धुळीत सात वेळा मेला, कारण शूटिंग मनासारखं होईना. नऊवाऱ्या आणि काउबॉय टोप्या घालून बायकांनी लेझीम केलं. काका खाली वाकले, मूठभर माती उचलली, डोळ्यापाशी नेली आणि टाकून दिली. "भरावाची आहे. ट्रकनं आणून टाकलेली रेती. चाल, खरी तिकडे आहे."

बस हायवेला लागली. दोन्हीकडे घळी पडलेल्या टेकड्या, एक झाड नाही, आणि लांबवर नुसता रस्ता. मी खिडकीत होतो. मी काय पाहत होतो? क्रिकेटचा स्कोअर. काका माझ्या शेजारी, पण गडद काचेतून त्यांना सगळं निळंकाळं दिसत होतं. ते गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसले होते. पोरगा जत्रेला निघाल्यासारखे खूश.

कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी बस थांबली आणि मनीषाताई माइक घेऊन उभ्या राहिल्या. मनीषाताई मंडळाच्या सेक्रेटरी, शिस्त म्हणजे शिस्त. "मंडळी, आपल्याला पाऊण तास उशीर झालाय. खाली किनाऱ्यावर पंजाबी हॉटेलात दोन वाजता थाळी सांगितलीये. पुऱ्या गार होतील. आणि मी खास सांगून आमरस करून घेतलाय! इथे फक्त एक पडकी भिंत आहे, म्हणजे फार काही नाही. स्किप करायचं का? हात वर करा."

आमच्या मंडळात सगळं हात वर करून ठरतं. गणपतीचा नैवेद्य, नाटकाची तारीख, कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही. लोकशाही आहे ना आमच्याकडे! आमरस म्हटल्याबरोबर बसभर हात वर गेले. एकाच्याही मनात आलं नाही की हा थांबा ज्याच्यासाठी ठेवला तो म्हातारा इथेच बसलाय. आणि मी? भूक लागली होती, डोकं दुखत होतं. मीही हात वर केला. खांद्याएवढाच केला, पण केला. डब्यातल्या आमरसासाठी.

काकांना हात दिसत नव्हते. त्यांनी विचारलं, "किती झाले?"

"बरेच आहेत, काका."

"तू नाही न केला?"

"छे! मी कसा करीन?"

"जाऊ दे बावा. तू एकटा काय करशील." आणि माझ्याच गुडघ्यावर थोपटलं त्यांनी. मलाच धीर दिला!

एवढ्यावर थांबत नाही. बस थांबलीच होती म्हणून पुरुषमंडळी लघवीला उतरली. काकाही उठले, तर मनीषाताई म्हणाल्या, "काका, तुम्ही नका उतरू, दगड आहेत, पडाल. हॉटेलात चांगलं टॉयलेट आहे." मी उतरलो. त्याच कच्च्या रस्त्यावर, त्याच मातीवर उभा राहून झुडपाआड मोकळा झालो. एका हातात फोन होता. खाली वाकून मूठभर माती उचलायला काय धाड भरली होती मला? सुचलं नाही. खरंच सांगतो, साधं सुचलंसुद्धा नाही. पुन्हा बसमध्ये चढलो आणि तासाभराने दोन वाट्या आमरस चापला. काकांनी वरणभात खाल्ला आणि "चांगला आहे" म्हणाले.

परत आल्यावर प्रणयने मला काही विचारलं नाही. नुसता "थँक्स दादा" म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरमध्ये काकांचा फोन आला. आता त्यांना चहा आणि दूध यातला फरक कळत नव्हता. "उदयभाऊ, तू खिडकीत होता न? उद्या ये. एक विचाराचं आहे." काय विचारायचंय ते मला कळलं. तेव्हा मी ते सहाशे बारा फोटो काढून बसलो. सगळीकडे तो फिल्टर, सगळी माती लालसर. म्हटलं, चला, सुटलो. म्हाताऱ्याला लालच हवी असणार. वाळवंट म्हणजे लाल, त्यावरूनच तर भांडले होते ना शेटजींशी?

दुसऱ्या दिवशी गेलो. काका बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. प्रणयने चहा दिला. काकांनी विचारलं, "तुह्या डोळ्यानं पाह्यली न माती? खरं सांगजो. कशी होती?"

मी ठासून म्हणालो, "लाल. अगदी लालभडक, काका."

काका कप खाली ठेवायला गेले, तो टेबलाच्या कडेला लागला. मग म्हणाले, "म्हणजे शेटजी बरोबर होते."

मी प्रणयकडे पाहिलं. प्रणय माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत जी किळस होती ती मी जन्मात विसरणार नाही.

"मी पिवळी केली होती," काका म्हणाले. "पन्नास वर्षं मले वाटे, आपणच बरोबर. त्यायनं उगाच माह्या वस्तीचं नाव घेतलं. पण त्याले खरंच माहीत होतं, हो. माहीत होतं म्हणून बोलला."

दहा वेळा गोष्ट सांगितली होती त्यांनी मला. दहा वेळा! मेल्या, एकदा तरी कान देऊन ऐकायचं होतंस.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये गेलो. ट्रिपचे बूट तसेच पडले होते, धुतलेही नव्हते. उलटे केले. तळाच्या खाचांमध्ये माती वाळून घट्ट बसली होती. चमच्याने उकरली आणि पांढऱ्या बशीत काढली. पिवळी. आपल्या बेसनासारखी, निखळ पिवळी.

बशी घेऊन तसाच पळत गेलो. "काका, ही बघा, तिथली आहे! माझ्या बुटाला लागलेली. पिवळी आहे, तुम्हीच बरोबर होतात! मी काल खोटं बोललो. मी पाहिलीच नव्हती."

काकांनी माती तळहातावर घेतली. सवयीने डोळ्यापाशी नेली, मान या बाजूला तिरकी केली, त्या बाजूला केली. रंग काही ओळखू आला नाही. चिमटीत चोळली, वास घेतला. मी पुन्हा म्हणालो, "पिवळी आहे हो काका, शपथ घेतो!"

"काल लाल होती," ते शांतपणे म्हणाले. "माहं मन राखाले कशाला धावत आला, बावा? तू चांगला आहे. त्या दिवशी तूच एकट्यानं हात वर नव्हता केला."

तो हातही वर होता, हे मला सांगता आलं नाही. काकांनी चाचपडत खिडकीतली कुंडी शोधली, माती तिच्यात टाकली आणि हात झटकले.