न दिसणारी जागा

बात्तांबांगच्या बाजारामागे चांथू बाई म्हाताऱ्याकोताऱ्यांना संगणकावर लिहायला शिकवतात. पूर्वी त्या तळलेली केळी विकायच्या. आरडाओरडा तेव्हाचाच आहे, उलथन्याच्या जागी माशा मारायची काठी आली एवढंच. ते ऐकून ऐकून शेजारचा न्हावीसुद्धा आता 'सेव्ह करा' म्हणत गिऱ्हाईक सोडतो. कुणी एक कळ जास्तीची दाबली की काठी टेबलावर आपटलीच.

आमच्या इकडच्या लिपीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ते एकमेकांना चिकटून चालतात. माणसाला ते कळतं, संगणकाला कळत नाही. म्हणून प्रत्येक शब्दापुढे लांब कळ दाबून न दिसणारी जागा टाकायची, नाहीतर ओळ संपली की तो वाट्टेल तिथे शब्द तोडतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या न्हेम आजोबांना हे पटेना. जे दिसतच नाही ते टाकून वीज कशाला जाळायची, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी नातीची लग्नपत्रिका स्वतः टाइप केली आणि नवऱ्या मुलाचं नाव ओळीच्या टोकाला मधोमध तुटलं. नाव सम्नांग, म्हणजे नशीब. नमुना बघून मुलाची आई भडकली. पत्रिकेतच नशीब मोडणाऱ्यांच्या घरी मुलगा नांदायला धाडणार नाही म्हणाली. छपाईच्या दुकानातून टाइप करून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं, पण आजोबा हटून बसले.

"घाण माझ्या बोटानं केलीय. निस्तरेल पण तेच."

बाईंनी काठी खाली ठेवली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आजोबा, वेशीवरच्या राखणदाराला भात ठेवता ना?"

"ठेवतो की."

"तो दिसतो?"

आजोबा संगणकाकडे वळले. मग त्यांनी प्रत्येक शब्दापुढे कळ दाबली, तीही आधी हात जोडून. अख्खी दुपार गेली, माझं डोकं उठलं, पण सम्नांग एका ओळीत धडधाकट बसला. मुलाच्या आईनं भिंग लावून पाहिलं आणि होकार दिला.

छापायला देण्याआधी बाईंनी सवयीनं छुप्या खुणा दाखवणारं बटण दाबलं. 'अगत्य यावे' संपलं, त्यापुढे न दिसणाऱ्या जागांच्या चौकोनांची ही लांब रांग. त्यांचं बोट पुसायच्या कळीवर गेलं.

"राहू द्या, बाई," आजोबा म्हणाले. "ती आमची गेलेली माणसं. लग्नाला बोलवायला नकोत? ती दिसत नाहीत, म्हणून न दिसणाऱ्यातच बोलावलीत."

बाईंनी बोट मागे घेतलं. पण शिस्त ती शिस्त. कुठला चौकोन कुणाचा, हे त्यांनी विचारून घेतलंच. शेवटचे दोन आजोबांच्या बायकोचे निघाले.

"एकानं भागलं असतं," बाई म्हणाल्या.

"नाही हो. तिला कमी ऐकू यायचं."